साठ हात जागा

सोनगीरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात एकोणसत्तर साली गावठाणाची मोजणी आली आणि दोन दिवसांत गाव आकसलं. जेवढी जागा मोजली जाईल तेवढ्यावर घरपट्टी बसणार, अशी कोणीतरी वावडी उठवली होती. मग भूमापकाची साखळी दाराशी आली की जो तो हात वर करू लागला. ज्याच्या अंगणात दोन बैलगाड्या उभ्या राहत, त्याने अंगण गावाला देऊन टाकलं. कोणी परसू सोडलं, कोणी उकिरडा.

आधार दोरवाल्याने तर कमालच केली. त्याच्या घरामागे साठ हात लांब आणि सहा हात रुंद अशी जमिनीची पट्टी होती. त्याचा बाप हिलाल तिथेच अंबाडीचे दोर वळत असे, आता आधार वळत होता. मोटेचा नाडा म्हणजे विहिरीतून मोट ओढायचा लांब दोर, तो सरळ ताणूनच वळावा लागतो, त्याला कोपरा चालत नाही. पट्टी होती म्हणून चार गावांचे नाडे आधारकडे येत.

"ही मागची जागा कोणाची?" भूमापकाने विचारलं.

"गावनी शे साहेब. मी नुसता वापरस."

भूमापकाने तसं लिहून अंगठा घेतला. साहेबाला गंडवलं म्हणून आधार दिवसभर खुशीत होता.

तीन आठवड्यांनी लोटन कोतवालाने दवंडी दिली. सोमवारी चौकशी अधिकारी चावडीत बसणार, ज्याने त्याने आपल्या जागेचा पुरावा आणावा. गल्लीच्या वळणावर आधार भेटला तसा लोटन थांबला.

"नाना, तुन्ही मांगनी जागा कोना नावावर लिखाडी?"

"गावना नावावर."

"गावना नई, सरकारना. जिच्यावर कोणी हक्क सांगत नई, ती जागा सरकारनी. उद्या तठे पानीनी टाकी बांधतीन. तू कोनले इचारशी?"

आधारच्या हातातला अंबाडीचा वाख तसाच राहिला. "पन घरपट्टी..."

"घरपट्टी ग्रामपंचायत बसाडस. आठे फक्त सनदनी, मालकीना कागदनी फी, ती बी एकच डाव."

घरी त्याच्या बायकोने, केसरबाईने, सगळं ऐकून घेतलं आणि परात खाली ठेवली. "आते नाडा काय चुलाभवती गोल फिरीसन वळशात?"

घराला कागद असा नव्हताच. आजाने बांधलं, बापाने शाकारलं, एवढाच इतिहास. तो पुन्हा लोटनकडे गेला. वीस वर्षं साहेबांच्या मागे चालून लोटनला निम्मा कायदा ऐकून पाठ झाला होता.

"तुन्हाकडे कागद नसे, पन शेजारीकडे व्हई," लोटन म्हणाला. "खरेदीखतमा चारी दिशाले कोन शे ते लिखतस. सुगनाक्काकडे जाय."

सुगनबाईचं घर आणि किराणा दुकान आधारच्या पट्टीला लागूनच होतं. तिचे यजमान इंदरचंद वारल्यापासून दुकान तीच बघत होती. आधारने खरेदीखत मागताच तिने तराजू खाली ठेवला.

"कागद आहे. पण चावडीत नेणार नाही."

"का वं अक्का?"

"मी दुकानाचा ओटा माझा नाही म्हणून सांगितलंय. कागद उघडला की मी खोटी पडेन."

"म्हंजे तुना ओटा बी सरकारना."

सुगनबाईने ओट्याकडे पाहिलं. तिथे तिची तेलाची पिंपं होती, मिठाची पोती होती आणि संध्याकाळी टेकणारी सगळी गिऱ्हाइकं होती. ती आत गेली. पेटीतून तिने फडक्यात बांधलेला कागद आणला, पण तो निघाला मोडी लिपीत. यजमानांची सही तिने ओळखली. बाकी त्यात काय लिहिलंय, ते दोघांनाही कळेना. गावात मोडी वाचणारे गुरुजी दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

सोमवारी दोघं तसेच चावडीत गेले.

चौकशी अधिकारी पन्नाशीचे, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी आधारचा जबाब वाचला. "जागा गावची, असं तुम्हीच सांगितलंय. हा तुमचाच अंगठा ना?"

आधारने घाम पुसला. सरकारी माणसाशी खोटं बोललं तर बेडी पडते, असं त्याने ऐकलं होतं. पण पट्टी गेली तर हातातला धंदाच जाणार होता.

"अंगठा मन्हाच शे. पन मी खोटं बोलनू साहेब. घरपट्टीना भेवमुळे."

चावडीत हशा पिकला. अधिकारी हसले नाहीत. "सकाळपासून असं कबूल करणारे तुम्ही बारावे. मोजणीत बसलेलं गाव आज चौकशीत उठून उभं राहिलंय. पण नुसतं म्हणून जागा मिळत नाही. पुरावा काय?"

सुगनबाईने कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो उजेडात धरला, चष्मा वर सरकवला आणि मोडीत लिहिलेलं सावकाश वाचू लागले.

"पूर्वेस सरकारी रस्ता. दक्षिणेस विकत घेणार इंदरचंद यांचा ओटा, त्यापुढे गल्ली. उत्तरेस मारुतीचं देऊळ." त्यांनी कागद जरा जवळ घेतला. "पश्चिमेस हिलाल दोरवाला याची दोर वळण्याची जागा. हिलाल कोण?"

"मन्हा बाप!" आधार जवळजवळ ओरडलाच.

"सन चौतीसचं नोंदणी झालेलं खत आहे," अधिकारी कारकुनाला म्हणाले. "तेव्हा काही वाद नव्हता. विकणाऱ्याला यांच्यासाठी खोटं लिहायचं कारण नव्हतं. ताबा आजही यांचाच आहे. पंचांना विचारा आणि कोणाची हरकत आहे का पाहा."

पंचांनी होकार दिला. हरकत कोणाचीच निघाली नाही. अधिकाऱ्यांनी जुना शेरा खोडून बाजूला सही केली आणि नवा शेरा लिहिला. "आणि ओट्याचं काय, बाई?"

"तो माझाच," सुगनबाई पदर सावरत म्हणाली. "आधी मी पण यांच्यासारखीच बोलले होते."

"तेरावं नाव," अधिकारी कारकुनाला म्हणाले आणि आधारकडे वळले. "सनद मिळेल तेव्हा फी भरा. महिनाभर नकाशा इथे लावलेला असेल, आपली हद्द पाहून घ्या. जा आता."

आधार उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"साहेब, एक राहिनं."

"आता काय?"

"पट्टीना शेवटले बकऱ्यांसना गोठा शे. तो बी मी लपाडेल व्हता."

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने टाक पुन्हा दौतीत बुडवला.