चुलीवर सुकलेलं बियाणं

मी फॉस्फटेज, एक विकर, म्हणजे एन्झाइम. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मी काही मागायला आलेलो नाही. भाताच्या एका दाण्यात राहतो. राहतो कसला, पडून असतो. डोळ्यांनी कुणाला कधी दिसलो नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

माझं काम एकच. दाणा भरताना मायझाड कोंबासाठी फॉस्फरस साठवून ठेवतं, पण तो असतो कडीकुलपात. दाण्याला पाणी लागलं की मी जागा होतो आणि एकेक कुलूप काढत जातो. मग कोंबात बळ येतं. मी नसलो, तर घरात सगळं असून लेकरू उपाशी!

आमचं कुळ मोठं. एक भाऊ मुळांतून बाहेर पडून मातीत खपतो. कुजक्या पानांतून, मेलेल्या किड्यांतून तोच फॉस्फरस सोडवून मुळांच्या तोंडी देतो. काहीजण पेशींच्या आत असतात. एखादं काम पुरे झालं की ते थांबवतात. अहो, तुमच्या हाडांतसुद्धा आमची माणसं आहेत. पण सगळ्यांचं एक दुखणं सारखंच. आमच्या अंगाची एक घडी असते, तिच्यावर आमची सगळी कामं चालतात. ओल्या अंगाला धग लागली की घडी मोडते, आणि एकदा मोडली की पुन्हा बसत नाही.

माझा जन्म फिलिपाईन्समधल्या इफुगाओच्या डोंगरात, लिंगायू नावाच्या म्हातारीच्या खाचरात झाला. वर्षातून एकदाच पिकणारा हा लाल भात. गावातल्या बाकीच्यांनी तो कधीच सोडला, वर्षाला दोन पिकं देणारं खालच्या मैदानातलं बियाणं आणलं. आमचं बियाणं उरलं ते फक्त लिंगायूच्या घरात. कापणीच्या आधी ती एकटी बांधावरून फिरायची, लोंबी हातात घ्यायची, दाणे बोटांनी चाचपायची. तिनं मला निवडलं तेव्हा काय फुगलो होतो मी!

तिची सून रोवेना मैदानातली, कष्टाळू पोरगी. लोंब्या निवडताना एकदा मागोमाग आली, तर म्हातारी वस्सकन अंगावर गेली. "तू कशाला येतेस? चिखलात पाय मोडून घेशील. घरी जा, भात कांड." हे बियाणं आईकडून लेकीकडे जातं. लिंगायूची लेक मॅक्सिमा दूर बागिओ शहरात दुकानात कामाला होती; ती परत येईल, तेव्हा तिला शिकवीन, असं म्हातारीनं ठरवलं होतं. मॅक्सिमा नऊ वर्षांत आली नव्हती. सुनेला तिनं शिकवलं ते फक्त खायच्या भाताचं. पेंढी चुलीवरच्या फळीवर ठेव, खडखडीत वाळव, मग कांड.

त्या वर्षी वादळ आलं तेव्हा लिंगायू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात होती. कोठाराचं छप्पर उडालं. रोवेना भर पावसात शिडी चढली आणि आम्हा सगळ्यांना पोटाशी धरून घरात घेऊन आली. आम्ही चिंब भिजलेलो. आता बुरशी लागणार, म्हणून बिचारी घाबरली, आणि तिला जे येत होतं तेच तिनं केलं. आम्हाला चुलीवर ठेवलं. तीन दिवस जाळ घातला. मी ओरडत होतो, "अगं बाई, उतरव! वाऱ्यावर टांग!" माझं कोण ऐकणार? दुसऱ्याच दिवशी माझी घडी सुटली.

चौथ्या दिवशी दाणे मस्त खडखडले. तिनं ते परत कोठारात ठेवले. सासूच्या जिवाला घोर नको, म्हणून एका शब्दानं बोलली नाही.

पेरणीला म्हातारीनं रोपवाटिकेत लोंब्या ओळीनं आडव्या घातल्या. पाणी आत शिरलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते पाणी! मी कुलपाला हात घातला, तर हातच नव्हते हो. माझ्या दाण्यात, शेजारच्या दाण्यात, सगळीकडे तीच गत.

दहा दिवस गेले. हिरवं टोकसुद्धा दिसेना. लिंगायू चिखलात गुडघे टेकून बसली, दाणे दाबून बघू लागली. दाबला की आतून पांढरं पाणी यायचं. "माझीच बोटं मेली," ती म्हणाली. "डोळे गेले तशी बोटंही गेली. मी पोचट निवडले."

रोवेना मागे उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? पण सासूला इना, म्हणजे आई, म्हणणारी ती पोरगी रडतच खाली बसली. "तुमच्या बोटांची चूक नाही, इना. भिजलं होतं सगळं. मी चुलीवर वाळवलं."

मला वाटलं, आता म्हातारी हिला फाडून खाणार. पण म्हातारीनं हातातला दाणा चिखलात ठेवला. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं का, बियाणं चुलीवर ठेवू नये म्हणून?"

"नाही."

"सांगणारी मीच होते ना. मी माझ्या लेकीसाठी राखून ठेवलं. आणि तू शिडी चढलीस."

आता दाणा कुजतोय. माझे मातीतले भाऊ येतील, मला जमलं नाही ते साठा सोडवायचं काम उरकतील, आणि त्यावर तण माजेल. आमचं हे असंच. तुम्हाला एवढंच सांगतो: जे येतं ते जवळ असलेल्या माणसाला सांगून टाका. दूरच्याची वाट बघू नका, पाया पडतो.

वर बांधावर दोघी बसल्या आहेत. लिंगायूनं सुनेचा हात धरलाय आणि रिकामी बोटं एकमेकांवर घासून दाखवतेय. "दाणा असा फिरवायचा. टोकाकडून देठाकडे. जड लागला तरच घ्यायचा." रोवेना तशीच बोटं फिरवतेय. "असं का, इना?" "हां, अस्सं. आता जमलं."