ताई, थाई आणि दोन शहरं

ती दोन शहरं एकमेकांना पाण्यात पाहायची. पूल कुणाचा लांब, विमानतळ कुणाचा चकाचक, यावरून सतत खडाखडी चालायची आणि अलीकडे वाद थाई जेवणापर्यंत आला होता. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकबाईंनी ठरवलं, एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू.

त्यांच्याकडे खाण्यावर लिहिणारा एक जण होता. त्याची थोरली बहीण लग्न होऊन त्या दुसऱ्या शहरात गेली होती आणि तिथे तिचं खाण्याचं व्हिडिओ चॅनल जोरात चाललं होतं. संपादकबाई म्हणाल्या, "दोघांनी मिळून दोन्हीकडची थाई हॉटेलं पालथी घाला. ती बोलेल, तू लिही, गुण एकत्र द्या. भावाबहिणीचं भांडण लोक चवीनं वाचतात."

त्याला नाही म्हणता आलं नाही. पण हिवाळ्यातल्या तापानंतर त्याला कसलाच वास येत नव्हता. गोड, आंबट, खारट, तिखट एवढं जिभेला कळायचं, त्यापुढचं काही नाही. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती बरोबर जेवायची, हळू आवाजात सांगायची, "गवती चहाचा वास छान येतोय," आणि हा त्याचा परिच्छेद करायचा. तीही आता कंटाळली होती. "परीक्षेला बसल्यासारखं वाटतं मला," ती म्हणायची. "घास गोड लागत नाही." दुसऱ्या शहरात यायला तिनं साफ नकार दिला.

ताईच्या शहरातल्या हॉटेलांत प्रत्येक टेबलावर फोटोसाठी गोल दिवा होता. पदार्थ आला की लोक आधी दिवा लावायचे, मग चमचा उचलायचे.

"तुमच्याकडे कॅमेरा आधी जेवतो," तो म्हणाला.

"आणि तुमच्याकडे लोक भिंत वाचत बसतात. जिथं जावं तिथं तुझ्या लेखांचे फ्रेम केलेले तुकडे. वाचून झालं की तेच मागवतात."

पहिल्या दोन हॉटेलांत त्यानं निभावून नेलं. ताई आधी बोलायची, तो तेच जरा फिरवून म्हणायचा. तिसऱ्या ठिकाणी पपईचं सॅलड आणि ग्रीन करी आली. ताईनं करीचा चमचा ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. त्यानं दोन-तीन घास खाल्ले, मान डोलावली.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"छान. नारळाचं दूध दाट आहे. लिंबू जरा पुढे आलंय, पण चालतंय."

"घे अजून."

त्यानं आणखी वाढून घ्यायला हात पुढे केला तशी तिनं वाडगा ओढून घेतला आणि स्टँडवरचा फोन बंद केला.

"बाब्या, दूध नासलंय. वास दारापर्यंत जातोय."

तो आंबटपणा लिंबाचा नव्हता तर. त्याचा चेहरा पडला. ताई उठली, मालकाला बाजूला घेऊन बोलली. मालक ओशाळला, त्यानं पातेलं तिच्यासमोर मोरीत ओतलं. मग ती भावाला घेऊन बाहेर फुटपाथवरच्या बाकावर बसली आणि त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे नाक तिचं आणि नाव तुझं," ताई म्हणाली.

"लिहिणं सोडून मला दुसरं येतं काय?"

"तो प्रश्न वेगळा. मी समोर नसते तर तू वाचकांना या करीवर पाठवलं असतंस."

त्यानं विचारलं, "चॅनलवर सांगणार आहेस?"

"वेडा आहेस का? मी तुझी बहीण आधी. पण सांगायचं तू. संपादकबाईंना. आणि फोनवर नाही, समोर उभं राहून."

परतल्यावर त्यानं सांगितलं. संपादकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मागच्या महिन्यात कॉफीच्या सुगंधावर अर्धं पान लिहिलंस."

"तो बायकोला आला होता."

त्या हसल्या नाहीत. त्याचं सदर त्या क्षणी बंद झालं. तापानंतरची सगळी परीक्षणं कशी लिहिली गेली, हे छापायचं ठरलं. पण तुलनेची जाहिरात आधीच गेली होती. "चव बहिणीची, बाकी तुझं," त्या म्हणाल्या. "आणि तसं पहिल्याच वाक्यात लिहायचं."

पुढच्या आठवड्यात ताई माहेरी आली. या फेरीत तो चवीबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्यामुळे त्याला इतर गोष्टी दिसायला लागल्या: खलबत्त्याचा आवाज मंदावला की स्वयंपाकी मिरची चाखतो, कढईवाल्याच्या मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत, वाढपी स्वतःचं जेवण डब्यातून आणतो. रेल्वे फाटकाजवळच्या एका नवरा-बायकोच्या हॉटेलात ताईसमोर टॉम यम सूप आलं. तिनं वाफेवर तोंड धरलं, डोळे मिटले आणि फोन सुरू करायचा विसरून वाडगा संपवला.

"लिही," ती म्हणाली. "हे आमच्याकडे नाही."

निकाल त्याच्या शहराच्या बाजूनं लागला. ताईच्या चॅनलवर गदारोळ झाला. माहेरची बाजू घेतली, विकली गेली, असं लोकांनी लिहिलं. बरेच जण चॅनल सोडून गेले. ताईच्या नवऱ्यानं सुचवलं, "निकाल बदलून बरोबरीत सोडव की." ताई म्हणाली, "सूप बरोबरीत नव्हतं."

कबुली छापून आल्यावर त्यालाही संतापलेल्या वाचकांची पत्रं आली. ती त्यानं सगळी वाचली. संपादकबाईंनी त्याला इतरांचे लेख तपासण्याच्या टेबलावर बसवलं आणि महिन्यातून एकदा हॉटेलांच्या स्वयंपाकघरांवर लिहायला सांगितलं. बायकोलाही विचारलं, परीक्षणं लिहाल का? ती म्हणाली, "मला सुखानं जेवू द्या."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वास परत येईलही, पण सुरुवातीला भलतेच वास येतात. एका दुपारी कचेरीत शेजारच्या टेबलावर कुणीतरी संत्रं सोललं आणि त्याच्या नाकात जळक्या रबरासारखं काहीतरी शिरलं. तो जिन्यात गेला आणि बायकोला फोन लावला.

"फार घाण वास येतोय," तो म्हणाला.



"येऊ दे," ती म्हणाली.