मी लिहिलेलं तिसरं वचन

मी एक शाईचं पेन आहे. काळ्या रंगाचं, जाड मानेचं. माझी शाई सुकली आहे, निबेची दोन टोकं फाकली आहेत, त्यामुळे लिहायचं आता होत नाही. म्हणून हे तोंडानंच सांगतो.

ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथं एक वयस्क बाई प्रत्येक निब घासायची आणि कागदावर चालवून पाहायची. माझी निब तिनं दोनदा घासली. "आता कुठं अडणार नाही," ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं झालं. मी कधीच अडलो नाही. अडायला हवं होतं, असं आज वाटतं.

मला विकत घेतलं ते औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीनं, पहिल्या पगारातून. तिचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायचा. अक्षर मोत्यासारखं. नोंदणी कचेरीत लग्न करायचं आणि एकमेकांना वचनं द्यायची ती आपणच लिहायची, असं त्या दोघांनी ठरवलं होतं.

"छापील मजकूर मला नको हं," मला त्याच्या हातात देताना तिनं बजावलं होतं. "तू लिही. तुझ्या मनातलं."

तो सात संध्याकाळी लिहीत बसला. कागद फाडले, पुन्हा लिहिलं. पहिलं वचन: तुझं बोलणं मध्येच तोडणार नाही. दुसरं: उशीर होणार असेल तर कळवीन, वाट पाहायला लावणार नाही. मग तो बराच वेळ नुसता मला हातात धरून बसला. त्याच्या वडिलांनी त्याच्या आईला काय काय केलं होतं ते त्यानं लहानपणी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. मग त्यानं तिसरं लिहिलं: कितीही राग आला तरी तुझ्यावर हात उचलणार नाही.

त्या वेळी तो खोटं लिहीत नव्हता. त्याची बोटं माझ्याभोवती होती, मला कळत होतं. मनापासून लिहिलेलंही पुढं मोडतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कचेरीत त्यानं ते वाचलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर तिनं तो कागद चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावला. येणारे-जाणारे वाचायचे. "नशीब काढलंस बाई," असं तिला म्हणायचे.

त्यांना मुलगी झाली. गुपचूप कोपऱ्यात खेळायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. तीन वर्षांची असताना तिनं मला टेबलावरून ओढलं आणि अर्ध्या शहराच्या नळांच्या नकाशावर गोल गोल रेघोट्या काढल्या. महिन्याभराचं काम होतं ते. तो आला, पाहिलं आणि पोरीवर हात उगारला. आई मध्ये आली. तो हात तिच्या कानशिलावर बसला.

त्याच संध्याकाळी त्यानं माझ्याकडून माफीची चिठ्ठी लिहून घेतली. "पुन्हा असं होणार नाही." दोन महिन्यांनी दुसरी लिहिली. मग तिसरी. सुरुवातीला तो खाडाखोड करायचा, शब्द शोधायचा. नंतर नंतर तीच वाक्यं सरळ, एका दमात उतरायला लागली. तिनं त्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत. बिस्किटांच्या डब्यात ठेवत गेली.

मुंगी आठ वर्षांची असताना तिच्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं. डाव्या कानातून रक्त येत होतं. तिथं एक फॉर्म भरायचा होता. इजेचं कारण, अशी एक रिकामी जागा होती. त्यानं खिशातून मला काढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं: जिन्यावरून घसरून पडली. मी लिहिलं. एक थेंबही सांडला नाही. मुंगी बाकावर बसून वाचत होती. नुकतीच भराभर वाचायला शिकली होती.

त्या कानानं तिच्या आईला पुन्हा ऐकू आलं नाही. चार वर्षांनी ती न्यूमोनियानं गेली. भेटायला आलेल्यांनी चौकटीतला कागद वाचला आणि डोळे पुसले. "असं जोडपं शोधून सापडायचं नाही," असं म्हणाले. बारा वर्षांची मुंगी पाण्याचे ग्लास फिरवत होती. 

आणखी सात वर्षं गेली. एका शाळेच्या नळांचा नकाशा करायला तो गेला, तिथं शिवण शिकवणाऱ्या बाईंची ओळख झाली. शांत बाई, एकट्या राहणाऱ्या. घरी आल्या तेव्हा चौकटीसमोर उभ्या राहिल्या आणि तीनही ओळी त्यांनी वाचल्या.

"असं लिहिणारा माणूस जवळून पाहिला नव्हता कधी," त्या म्हणाल्या.

लग्न ठरलं. तो पुन्हा मला घेऊन बसला. या वेळी सात संध्याकाळी लागल्या नाहीत, एका रविवारी दुपारी काम झालं. पहिली ओळ तीच. दुसरी तीच. तिसरी लिहीत असताना मुंगी मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, ही ओळ तेवढी लिहू नका."

"का?"

"कारण तुम्हाला माहितीये."

"माणूस बदलतो, मुंगे."

"मग बाईंना सांगा ना. काय होतात आणि आता कसे बदललात ते."

तो ताडकन उठला. हात वर गेला, हवेत थांबला आणि टेबलावर आपटला. शाईची बाटली उडाली. मुंगी जागची हलली नाही, फक्त तिनं डावा कान हातानं झाकून घेतला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं मला आणि बिस्किटांचा डबा पिशवीत टाकला आणि शाळा गाठली. शिवणाच्या वर्गात बाई एकट्याच होत्या. तिला बोलता येईना, म्हणून एका बाकावर बसून तिनं माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. काय झालं, केव्हा झालं, एवढंच. अक्षर वाकडंतिकडं आलं. मी लिहिलेल्यातलं तेवढंच मला आठवावंसं वाटतं.

बाईंनी ते वाचलं. मग डब्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या, एक एक करून.

"आईनं कुणालाच सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मावशीला. मावशी म्हणाली, एवढं प्रेमानं लिहिणारा नवरा आहे, जरा जुळवून घे."

 बाईंनी डबा ठेवून घेतला.

मला मुंगीनं रात्री टेबलावर परत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. कचेरीत अधिकारी, त्याच्या खात्यातला एक साक्षीदार, मागच्या बाकावर मुंगी. त्यानं कागद उघडला.

"वाचायच्या आधी मला काही सांगायचंय का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सगळं यातच लिहिलंय," तो हसून म्हणाला आणि वाचू लागला. तिसरी ओळ पुरी झाली.

"पुरे," बाई म्हणाल्या. "मुंगीच्या आईला डाव्या कानानं ऐकू का येत नव्हतं?"

अधिकाऱ्यानं मान वर केली. हातातला कागद तसाच धरून त्यानं मागे वळून आपल्या मुलीकडं पाहिलं. त्याची छाती माझ्यावर धडधडत होती. अजूनही खरं बोलता आलं असतं.

"जिन्यावरून पडली होती ती," तो म्हणाला. आवाज जराही कापला नाही.

बाईंनी पर्स उचलली. "चल, मुंगे." दोघी निघून गेल्या. साक्षीदार खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी येऊन त्यानं मला भिंतीवर फेकलं. मी कपाटाखाली घरंगळलो, तो आजतागायत इथंच आहे.

तिसऱ्या दिवशी मुंगी कपडे न्यायला आली. तिचे पाय मला दिसत होते, आणि दारात उभे असलेले त्याचेही.

"जेवून जा," तो म्हणाला.

"बाजूला व्हा, बाबा."

"मी एवढा वाईट आहे का गं?"

 थोडा वेळ चारही पाय जागच्या जागी होते. मग त्याचे बाजूला झाले.

इथं धूळ आहे, अंधार आहे. मला कुणी शोधायला येणार नाही, आणि तक्रारही नाही. जाता जाता एवढंच मागतो. लग्नाची वचनं लिहा, जरूर लिहा. पण ज्यांना ती वाचून दाखवली जातात त्यांनी अक्षर पाहून भुलू नये. त्या घरातल्या माणसांना एकदा विचारावं. आणि कुणी धीर करून सांगितलंच, तर त्याला 'जुळवून घे' म्हणू नये.