अठ्ठावन्न नंबर दिसला नाही

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या सरावाला पत्रकारांना पंधरा मिनिटं मिळतात. पंधरा म्हणजे पंधरा. प्रसिद्धी विभागाचा एक माणूस घड्याळ धरून उभा असतो आणि वेळ संपली की गुरं हाकावीत तसा आम्हाला फाटकाबाहेर काढतो. त्या पंधरा मिनिटांत पोरं गवतावर पडून अंग मोकळं करत असतात. म्हणजे गेली तीन वर्षं मी, मार्लीन स्टकी, या गावच्या पेपरात एकतीस वर्षं फुटबॉलवर लिहिणारी बाई, एवढंच बघतेय की कोणाची तंगडी किती वर जाते.

आधीचे कोच असे नव्हते. ते मला सावलीत खुर्ची द्यायचे, लिंबू सरबत द्यायचे, आणि अख्खा सराव बघून मी घरी जायची. मग हे कोच बर्डेट आले. आल्या आल्या कुंपणाला हिरवं कापड लावलं. त्यांचं म्हणणं असं की समोरचा संघ आमचं सगळं वाचतो. माझं म्हणणं असं की कॉलेज सरकारी आहे, पैसा लोकांचा आहे, मग लोकांना बघू दे. दर आठवड्याला मी हे छापायची आणि दर आठवड्याला ते दुर्लक्ष करायचे. खरं सांगायचं तर माझ्या रागात लोकांचा हक्क थोडा आणि ती खुर्ची जास्त होती.

पंधरा मिनिटांत करण्यासारखं एकच काम असतं, मोजणी. पोरं आपापल्या जागेप्रमाणे रांगा लावून पडतात, प्रत्येकाच्या छातीवर नंबर. जखमी असेल तो पिवळा शर्ट घालून बाजूला उभा राहतो. तुम्ही रांगेवरून नजर फिरवायची आणि कोण नाही ते हुडकायचं. जो नाही, ती बातमी. आणि ती लगेच फोनवरून पेपरच्या साइटवर टाकायची, कारण शेजारी वेबसाइटवाला होइट उभा असतो आणि त्यालाही मोजता येतं.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. शनिवारी शेजारच्या कॉलेजशी सामना. या सामन्याच्या तारखेला आमच्या गावात कोणी लग्न ठरवत नाही, आणि ठरवलंच तर त्या लग्नाला कोणी जात नाही. मी धिप्पाड पोरांची रांग मोजत होते. बावन्न होता, पंचावन्न होता, एकसष्ट होता. अठ्ठावन्न नव्हता.

अठ्ठावन्न म्हणजे थॅड गेन्स, आमचा सेंटर. दोन पायांमधून चेंडू मागे देणारा आणि लगेच समोरून येणाऱ्या डोंगराएवढ्या माणसाला अंगावर घेणारा. तो नसेल तर आमचा खेळ सुरूच होत नाही. मागच्या शनिवारी तो एकदा जरा सावकाश उठला होता, ते माझ्या डोक्यात होतं. मी दोनदा मोजलं. पिवळ्या शर्टांतही तो नव्हता. मी कुंपणाला टेकून टाइप केलं, ‘मंगळवारच्या सरावात सेंटर थॅड गेन्स दिसला नाही.’ यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. आजही मला त्यात खोटं सापडत नाही.

आम्ही फाटकाबाहेर येईपर्यंत होइटने ‘गुडघ्याची शंका’ असं लिहून टाकलं होतं. चार वाजता न्हाव्याच्या दुकानात गुडघा फाटला. साडेचारला कोणीतरी ॲम्ब्युलन्स बघितली. मला फोनवर फोन येत होते आणि मी प्रत्येकाला सांगत होते की मला माहीत नाही. पण मी इतक्या वेळा माहीत असून असं म्हटलेलं आहे की कोणी विश्वास ठेवेना.

साडेपाचला कोच फाटकापाशी येऊन आमच्याशी पाच मिनिटं बोलतात. आम्ही आठजण वाट बघत होतो. तेवढ्यात एक निळी गाडी भरधाव आली आणि अर्धी गवतावर चढून थांबली. आतून एक बाई उतरली. अंगावर शाळेच्या स्वयंपाकघरातला एप्रन, केसांना जाळी तशीच. ती फाटकावरच्या पहारेकऱ्याशी बोलली, त्याने मान हलवली. मग ती आमच्याकडे वळली.

“तुमच्यात मार्लीन स्टकी कोण?”

मी तोंड उघडायच्या आत होइटने माझ्याकडे बोट केलं.

“मी व्हर्नेटा गेन्स. थॅडची आई.” ती दीड तास गाडी हाणत आली होती. “काय झालंय माझ्या पोराला?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने विचारलं, तुम्ही त्याला बघितलंत का. मी म्हटलं, नाही.

“मग लिहिलंत काय?”

“तो दिसला नाही, असं.”

“अहो, दिसत तर तो मलाही नव्हता. मी लिहिलं का पेपरात?”

ती सांगत होती की थॅडचा फोन तीनपासून बंद आहे. टीमच्या ऑफिसात चारदा फोन केला, चारही वेळा एकच उत्तर मिळालं, आम्ही दुखापतींबद्दल बोलत नाही. तिने सांगितलं, मी आई आहे. तर तिथली मुलगी म्हणाली की आठवड्याला दहा तरी आया फोन करतात आणि त्यातले निम्मे पत्रकार असतात. होइट आपल्या बुटांकडे बघायला लागला. त्याने आवाज बारीक करून काय काय केलं असेल ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग ती हळू आवाजात मला म्हणाली, “माझा मोठा, कर्टिस, शाळेच्या मैदानावर पडला. मानेला लागलं. मी कामावर होते. दुकानातल्या माणसाला ठाऊक, पाद्रीबाबांना ठाऊक, अख्ख्या गावाला ठाऊक. मला सगळ्यांत शेवटी कळलं. तो आता काठी घेऊन चालतो. आणि आज पुन्हा मला शेजारीण येऊन सांगते, अगं व्हर्नेटा, थॅडचं वाचलंस का?”

मला शरम वाटली. नुसतं वाईट वाटणं नव्हे, चांगली सणसणीत शरम.

कोच बर्डेट बाहेर आले. व्हर्नेटा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तोच प्रश्न विचारला. आमचे आठ फोन आपोआप वर झाले. कोचनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि ओठ घट्ट मिटले. मी तीन वर्षं हा चेहरा बघून चिडत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यातली अडचण दिसली. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की आज मी एखाद्याबद्दल ‘ठीक आहे’ म्हटलं, तर उद्या दुसऱ्याबद्दल गप्प राहीन तेव्हा तुम्ही त्याचा गुडघा फोडाल. तेव्हा मी त्याला पळवाट म्हटलं होतं. पण आज मी एक अक्षर खोटं न लिहिता एक गुडघा फोडला होता.

“फोन खाली,” मी म्हटलं. “मागे व्हा सगळे.”

होइट म्हणाला, “मार्लीन, डोकं फिरलं का तुझं?” मी त्याची बाही धरली आणि त्याला गाड्यांपर्यंत ओढत नेला. बाकीचे आले मागोमाग. एकतीस वर्षांत मी बातमीपासून लांब अशी पहिल्यांदाच चालले.

लांबून आम्हाला एवढंच दिसलं की कोच वाकले आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले. व्हर्नेटाचा हात तोंडावर गेला. मग तिने डोक्यावरची जाळी ओढून काढली आणि ती कोचच्या दंडावर दोनदा फटकारली, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “मांजर?”

होइटने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मांजराचं काय ते आमच्या बापालाही सांगता आलं नसतं.

व्हर्नेटाने मला हाक मारली. “चला, तुम्ही एकट्या. तुम्हीच त्याला हॉस्पिटलात घातलंत, तुम्हीच बाहेर काढायला या.”

जीवशास्त्राची इमारत मैदानापासून सात मिनिटांवर आहे. एकतीस वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते, जिना कुठे आहे तेही विचारावं लागलं. चढताना ती सांगत होती. थॅडची शरीररचनेची प्रात्यक्षिक परीक्षा. त्यांना मांजरं कापायला देतात, मेलेली, औषधात ठेवलेली. त्यातले स्नायू ओळखायचे. परीक्षेची तारीख याच मंगळवारी पडली, ही चुकली असती तर फिजिओथेरपीला पुढे प्रवेश नाही. कर्टिसला चालायला शिकवलं ते फिजिओथेरपिस्टनेच, तेव्हापासून पोराने तेच धरलंय. कोच म्हणाले, जा, पण कोणाला बोलू नकोस, आईला रात्री सांग. कारण या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी सेंटरला परीक्षेला सोडला हे संघाला पैसा पुरवणाऱ्या देणगीदारांना कळलं असतं, तर त्यांनी कोचला उभा चिरला असता.

मी जिन्यातच थांबले. आम्ही आठ पत्रकार, एक न्हावी आणि चौदा हजारांचं गाव. आम्ही त्याचा गुडघा फाडला, त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, एकाने तर सर्जनचं नावही सांगितलं. पण कॉलेजात शिकणारा पोरगा परीक्षेला बसला असेल, हे कोणाच्या म्हणजे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

प्रयोगशाळेच्या दाराला काच होती. आत वीस-बावीस मुलं, आणि मधोमध थॅड, जणू लहान मुलांच्या खेळात एक बाप्या घुसलाय. पांढरा एप्रन पाठीमागे बांधताच येत नव्हता. टेबल त्याच्या मानाने फार बुटकं होतं. तो गुडघे वाकवून खाली बसायचा, मांजराच्या पायात चिमट्याने काहीतरी शोधायचा, मग उभा राहून कागदावर लिहायचा, मग पुन्हा बसायचा.

व्हर्नेटाने कपाळ काचेला टेकवलं. “वाकतोय,” ती म्हणाली. मग पुन्हा एकदा तो बसला. “दोन्ही वाकतायत.” आणि तिथेच ती रडायला लागली, आवाज न करता. मी तिचा हात धरला. माझेही डोळे भरून आले होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी कोणाशीही भांडले नसते, कोच बर्डेटशीसुद्धा.

प्राध्यापकांनी येऊन दार किलकिलं केलं, परीक्षा चालू आहे म्हणाले. तिने विचारलं, इथून बघितलं तर चालेल का. ते म्हणाले, बघा की, आमच्याकडे बघायला कोणी येतच नाही.

सहा वीसला मुलं बाहेर आली. थॅडने आईला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आई? कर्टिस ठीक आहे ना?”

“सगळे ठीक आहेत रे,” म्हणत तिने त्याला मिठी मारली, म्हणजे जेवढा हातात आला तेवढा. “तूच तेवढा गुडघा मोडून हॉस्पिटलात पडलायस. या बाईंना विचार.”

मी त्याला झालेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मग विचारलं, खरं काय ते आता लिहू का. तो घुटमळला. “नको ना, मिस मार्लीन. शनिवारी हरलो तर लोक म्हणतील, हा मांजर कापत बसला. कोचना खातील.”

मी कोचना फोन लावला. थॅड काय म्हणाला ते सांगितलं आणि छापू का विचारलं. मग ते म्हणाले, “तुम्ही त्याला डोळ्यांनी बघितलंत?” मी हो म्हटलं. “मग मी कोण नाही म्हणणारा? लोकांचं मी बघतो. आणि मार्लीन, तुम्ही त्या फोनवाल्यांना मागे नेलंत ते मी विसरणार नाही. उद्याही पंधराच मिनिटं.” आणि ठेवून दिला.

व्हर्नेटा पोराला म्हणाली, “बघितलं नाही ते यांनी लिहिलं, आता बघितलंय ते लिहू दे.” थॅडने खांदे उडवले. म्हणाला, मार्क किती पडले ते नका छापू म्हणजे झालं.

मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकून चार ओळी लिहिल्या. थॅड गेन्स मंगळवारी परीक्षेला बसला होता. त्याला कुठलीही दुखापत नाही. आमच्या बातमीमुळे गैरसमज झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. व्हर्नेटाने माझ्या खांद्यावरून दोनदा वाचलं. माझा अंगठा बटणावर गेला तेव्हा तिने मनगट धरलं.

“थांबा. अजून नाही.”

तिने स्वतःचा फोन काढला आणि घरी लावला. “कर्टिस, ऐक. थॅड माझ्यासमोर उभा आहे. काही झालेलं नाही त्याला. हो रे, दोन्ही पायांवर. हे बघ, तोच बोलतोय.” तिने फोन थॅडच्या हातात दिला. दोघं भाऊ काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण थॅड हसत होता आणि मध्येच त्याने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं.

मग तिने माझं मनगट सोडलं. “आता कळू दे गावाला.”