काळझिऱ्यातली धुराची झाडं

"खोटं वाटंल तुमाले. वाटूच द्या," पुंजाजी म्हणाला. "या गोष्टीवर भरोसा ठेवनारा मानूस अजून संग्रामपूर तालुक्यात जन्मलाच नाई."

हर्षल ठेकेदारानं टेप उघडली होती. तिचं टोक शेषरावाच्या हातात होतं. नाल्याकाठची सत्तावीस जांभळं आणि करंज आज मोजायची, उद्या पाडायची, आणि तिथंच, खालच्या मऊ काळ्या मातीवर भट्टी लावून कोळसा पाडायचा. शेषरावानं फक्त 'हाव' म्हणायचं बाकी होतं. पुंजाजी त्याचा मोठेबाबा, म्हणजे थोरला चुलता. रानात त्याचा वाटा नाही आणि शब्दाला वजन नाही, कारण मेहकरच्या एस.टी.ला हात दाखवणारा वाघ त्यानं एकट्यानंच पाहिला होता. झाडं वाचवायला त्याच्याकडं गोष्टीशिवाय दुसरं हत्यारच नव्हतं.

तो भर उन्हात जोडे घालून बांधावर टेकला. जोडे तो कधीच काढत नसे. पंगतीतही नाही, त्यावरून बोलणी खाई.

"वर खोऱ्यात काळझिरा नावाचा पानथळ झरा होता. चाळीसेक सालं झाली. असंच बन, अशीच माती. पिढ्यान्‌पिढ्यांचा पाला पान्याखाली सडून झालेली, खरवसावानी थरथरनारी. भट्टी मुरमावर लावा लागते, हे शेंबडं पोरही जानते. पन लाकडं वर वाहाचा कंटाळा! तिथंच रचली, चिखलानं लिंपली, काडी लावली."

"मंग? कोळसा झाला असंन," हर्षल म्हणाला.

"झाला. धूर थांबला नाई." पुंजाजीचा आवाज खाली आला. "आग मातीत उतरली बे. वर जाळ नाई, काई नाई. आठव्या दिवशी भर दुपारी पाह्यलं, तं जितकी झाडं तोडली तितकी उभी!"

"फुटवा आला?"

"धुराची. ज्या खुंटावर जे झाड, तेच. तितकंच उंच, फांदी न् फांदी. वारा सुटला, सारं रान सळसळलं, पन धुराचं पान हाललं नाई. अन् सावली पडे त्याहिची. सावलीत पाय ठेवला का चटका!"

शेषराव हसला. टेपचं टोक मात्र त्यानं जरा सैल धरलं.

"झाडाहिनं शेकडो सालं हवेतलं जहर घोट घोट पेलं, पानात भरलं, पान्याखाली पुरून ठेवलं. ते मातीनं एका सालात ओकलं. आभाळ पांढरंफटक. सूर्याकडं उघड्या डोळ्यानं पाहा. हिवाळा आलाच नाई. ढग येत, काळझिऱ्यावर थबकत, अन् उभ्या उभ्या वाळून जात. म्यां जमिनीले कान लावला. श्वास ऐकू ये. पन जमीन श्वास घेत नव्हती, शेषराव. नुसता सोडत होती."

डोक्यावर जांभळाचं एक पानही हलत नव्हतं. हर्षलनं नकळत काळ्या मातीवरचा पाय उचलून मुरमावर ठेवला.

"मोठेबाबा," शेषरावानं हळूच विचारलं, "काडी कोनं लावली?"

पुंजाजीजवळ हजार उत्तरं असत. या एका प्रश्नाचं त्यानं कधी रचलंच नव्हतं. त्यानं जोड्यातले पाय जवळ ओढून घेतले.

"परमुलखातला होता कोनी. नाव नाई मालूम."

शेषरावाच्या छातीवरचा दगडच उतरला. "तुमच्या गोष्टीत नाव कधी मालूम असते काय! लाव बे हर्षल टेप. हाव म्हन्लं आपन."

"खोटं!"

पुंजाजीची बायको मंजुळाबाई चहाची किटली घेऊन मागं कधीची उभी होती. नवऱ्याच्या गोष्टीत ती उभ्या जन्मात कधी बोलली नव्हती.

"साफ खोटं बोलून राह्यले हे. परमुलखातला कोनी नव्हता. काडी यायनंच लावली. त्या सावलीतून मीच वढत आनलं यायले."

टोक शेषरावाच्या हातून सुटलं आणि सर्रकन डबीत गेलं.

"काढा जोडे," मंजुळाबाई म्हणाली. "दाखवा त्याले तळवे."