मांजरडोळीची नोंद

बाईंनी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं आणि तेवढ्या काळात "मला माहीत नाही" हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. माहीत नसलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण त्या सांगायच्या कशाला?

आज मात्र गळ्याशी आलं होतं. रानफुलांची पाहणी करणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी सकाळी नऊलाच त्यांच्या भावाच्या शेतावर हजर झाली आणि थेट विहिरीमागच्या ओलीत गुडघे टेकून बसली. तिथे एक निळसर फूल होतं, शर्टाच्या बटणाहून लहान, मधोमध पिवळी उभी रेघ. दहा वाजले की ते मिटायचं, म्हणून घाई.

तिने भिंगातून पाकळ्या मोजल्या, पान उलटून खालची लव पाहिली आणि मान वर केली. "मांजरडोळी," ती खुशीत म्हणाली. "बाई, तुम्हीच शिकवलंत. सातवीत, सहलीला."

ती सहल बाईंना लख्ख आठवत होती. छत्तीस मुलं, एक फूल आणि "बाई, हे काय?" नाव काही सुचेना. कुंपणावर एक मांजर बसलं होतं. बाकी सगळं दोन सेकंदांत झालं.

आता विद्यार्थिनी तक्ता भरत होती. स्थानिक नाव, मांजरडोळी. माहिती कोणाकडून, तर बाईंकडून. हा तक्ता पुढे छापला जाणार होता. मागे वहिनी बादली घेऊन उभ्या होत्या आणि वन्संची एक तरी चूक सापडावी म्हणून त्या लग्न होऊन आल्यापासून टपलेल्या होत्या. गप्प बसलं तर अब्रू राहत होती, पण थाप कायमची छापली जात होती, तीही बाईंच्या नावाने. जन्मभर मुलांच्या वह्यांत लाल शाई ओतलेल्या बाईंना ते सोसेना.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते नाव खोटं आहे. मला माहीत नव्हतं. मी थाप मारली."

वहिनींनी बादली खाली ठेवली. असलं काही ऐकायला हात मोकळे हवेत.

विद्यार्थिनी लिहीतच राहिली. "ठाऊक आहे, बाई. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी कळलं. याला लांबलचक शास्त्रीय नाव आहे, लोकांमधलं नाव मात्र कुठेच नव्हतं. आता आमचा अख्खा वर्ग हेच म्हणतो, त्यांची मुलंही म्हणतात. काल पलीकडच्या मळ्यातल्या आजोबांनी मला हेच सांगितलं. वर म्हणाले, पणजोबांपासून चालत आलंय."

"म्हणजे थाप पचली म्हणायची," वहिनी फार निराश होऊन म्हणाल्या.

बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. उतरलं ते उतरलं, वर त्यांना चेव चढला. पंपाशेजारी उग्र वासाचं एक रोप वाढलं होतं, वहिनी त्याच्याकडे बोट दाखवत होत्या.

"आणि याचं हो काय नाव, वन्सं? खरं सांगा."

बाईंनी रोपाकडे पाहिलं, मग वहिनींच्या नाकाकडे.

"नाकमुरडी."

विद्यार्थिनीने पेनाला टोपण लावलं. "हे नाही लिहिणार. आधी लोकांच्या तोंडी बसू दे."

दहाला फूल मिटलं, ती गेली. दुपारी भाऊ ट्रॅक्टर पंपाकडे वळवत होता, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींचा खणखणीत आवाज आला, "अहो, जरा बघून. ती नाकमुरडी चिरडाल."

पायरीवर बसलेल्या बाईंनी चष्मा पुसला. एक तोंड झालं, असं त्यांनी मनाशी नोंदवलं.