व्याह्यांचा दुजोरा

मास्तर शिंपी, गावातल्या सगळ्यांची मापं घ्यायचे, पण त्यांच्या थापांना माप म्हणून नव्हतं. तळ्याकाठच्या दलदलीत त्यांनी एकदा असा बगळा पाहिला होता, की तो उडाला तेव्हा त्याच्या पंखांची सावली पडून बेडकांना दिवस मावळल्यासारखं वाटलं आणि भर सकाळी ती ओरडायला लागली. एका पाणकावळ्याने तर त्यांच्या डोळ्यांदेखत एवढा मासा गिळला, की बिचाऱ्याला उडता येईना. शेवटी तो दलदलीवर टाकलेल्या फळ्यांच्या वाटेवरून चालत घरी गेला. मास्तरांनी बाजूला सरून त्याला वाट दिली.

असलं ऐकून कोणीही म्हणेल, चला, काहीतरीच! पण मास्तरांच्या शेजारी त्यांचे व्याही बसलेले असत, आणि ते शांतपणे मान डोलावून म्हणत, "होय, मी पाहिला."

व्याही, म्हणजे मास्तरांच्या लेकीचे सासरे. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेलेला. बोलणं मोजकं, आणि शर्टाच्या खिशात भिंगं पुसायचं पिवळं फडकं कायमचं. मुलांचं लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्याच बैठकीत मास्तरांनी भीडभाड न ठेवता एक पक्षी सोडला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लेकीचा चेहरा पडला. तेव्हा हे भावी व्याही चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी मीही तिथं होतो. पाहिलाय मी." मुलीच्या बापाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा बाणा. तो त्यांनी त्या दिवशी उचलला आणि पुढे कधी खाली ठेवला नाही. त्यांना पक्ष्यांचं वेडही मास्तरांनीच लावलं. थंडी ओसरली, झाडांना पालवी फुटली, की दूरदूरून निघालेले थवे उत्तरेकडे जाताना या तळ्यावर दम खायला उतरत. मग दोघे व्याही गळ्यात दुर्बिणी अडकवून फळ्यांच्या वाटेने लाकडी खोपीत जाऊन बसत. एकाने पाहायचं, वाढवायचं; दुसऱ्याने दुजोरा द्यायचा.

यंदा मात्र पहिल्याच फेरीला व्याही गुडघ्यापर्यंत चिखलात भिजून घरी आले.

"पाय घसरला," व्याही म्हणाले.

"घसरला कसला?" मास्तरांनी लेकीकडे बघत लगेच टाका घातला. "माशाने ओढला! हा एवढा मासा. मी काठी उगारली म्हणून सोडला, नाहीतर आज तुझे सासरे तळ्याच्या बुडाशी नांदत असते."

लेक हसली नाही. व्याही पाय धुवायला गेल्यावर तिने बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, आबांना दिसत नाहीये. परवा साखर समजून चहात मीठ घालत होते."

"मग डॉक्टर कशाला असतात?"

"नेलं होतं. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली त्यांनी. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर बघितली नाही. आता काय बोलणार? तुम्ही तिथं सोबत असता. एकदा नीट बघा आणि मला येऊन खरं सांगा. खरं, बाबा. थोडंसं कमी चालेल, पण जास्त नको. तुमच्या शब्दावर मी त्यांना पाठवेन, नाहीतर घरी बसवेन."

उभ्या आयुष्यात मास्तरांकडे कोणी खरं मागितलं नव्हतं. त्यांना ते नव्या गिऱ्हाइकाने अनोळखी कापड आणून टाकल्यासारखं वाटलं. उलटी बाजू कोणती, सुलटी कोणती, तेच कळेना.

पुढच्या सकाळी खोपीत बसल्यावर त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. लव्हाळ्यांकडे बोट करून ते म्हणाले, "व्याही, तो बघा! लाल चोच, हिरवं पोट, शेपटीला झालर!"

तिथं काहीसुद्धा नव्हतं.

व्याह्यांनी दुर्बीण लावली. "वा! पाहिला. झालर फार सुरेख."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. यातून काय कळणार, कप्पाळ? नसलेला पक्षी तर हा माणूस पहिल्या दिवसापासून बघत आलाय! डोळे धडधाकट होते तेव्हाही बघतच होता. आपणच लावलेली सवय आज आपल्याच पायात आली. या माणसाला काही दाखवून उपयोग नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. काही कळायचं असेल तर न दाखवताच.

म्हणून ते गप्प बसले. मास्तरांचं गप्प बसणं म्हणजे शिवणयंत्राने उपास करण्यासारखं, पण बसले. झाडीत वटवटे चिवचिवत होते. ऊन पाण्यावर सरकत होतं. आणि मग, कसलाही आवाज न करता, खोपीच्या खिडकीसमोरच्या कठड्यावर एक हुदहुद येऊन बसला. हात लांब केला असता तर लागला असता. अंग तांबूस, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, चोच जाड कापड शिवायच्या दाभणासारखी लांब, जरा वाकलेली. बसल्या बसल्या त्याने डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडला.

किती वसंत मास्तरांनी या पक्ष्याची वाट पाहिली होती! तो आला नाही म्हणूनच त्याच्या जागी दुसरे आणावे लागले होते. आणि आज तो खराखुरा समोर बसला होता, काडीचीही भर घालायची गरज नाही असा, तेव्हा मास्तरांना आपलं तोंड शिवून ठेवावं लागलं.

व्याह्यांनी पिवळं फडकं काढलं, दुर्बिणीची भिंगं आधी कडेने, मग मधोमध पुसली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि थेट त्या पक्ष्याकडे पाहिलं.

"आज काही नाही वाटतं," ते म्हणाले.

हुदहुदने तुरा मिटला आणि तो उडून गेला.

परतताना मास्तर पहिल्यांदाच व्याह्यांच्या पायांकडे बघत चालले. एक पाय पुढे जाऊन फळी चाचपायचा, मग दुसरा. एका जागी फळी मोडलेली होती. तिथं व्याह्यांचा पाय हवेतच थांबला, आणि हात मास्तरांच्या खांद्यावर आला, सहज, जिव्हाळ्याने ठेवावा तसा. हा हात हल्ली वरचेवर खांद्यावर येत होता. मास्तरांना वाटलं होतं, वयाबरोबर माया वाढली.

घरी लेक वाटच बघत होती. व्याही बाहेरच्या खोलीत बूट काढत होते. मास्तर स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, भांडं पालथं घातलं, पुन्हा सुलटं केलं.

"नाही दिसत," ते म्हणाले. "समोर हुदहुद बसला होता. इथं. नाकासमोर. त्यांना दिसला नाही."

लेकीने कमरेवर हात ठेवले. "हुदहुद."

"हो."

"नाकासमोर."

"अगं, खरंच!"

"बाबा, निदान आज तरी! डॉक्टरांनी स्वतः तपासलंय. मी काळजीने विचारते आणि तुम्ही पक्षी सोडताय?"

"पोरी, थाप मारायची असती तर इतकी साधी मारली असती का मी? तुला तुझा बाप ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे म्हणूनच म्हणते! खोटं बोलायची लाज नाही वाटत, तेही त्यांच्या डोळ्यांबद्दल?"

आयुष्यभर खोटी नाणी चालवलेल्या माणसाने पहिल्यांदा खरं नाणं टाकलं, तर दुकानदाराने ते परत केलं. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

दारात व्याही उभे होते. एका पायात बूट, एक पाय मोकळा.

त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच केलं असतं तर तळं त्यांचं, खोपी त्यांची, उरलेला वसंतही त्यांचा. मास्तर मनातल्या मनात म्हणत होते, राहा गप्प, बाबा, मला सवय आहे.

"सूनबाई," व्याही म्हणाले, "मास्तर खरं बोलतायत."

"आबा, पण तो तक्ता..."

"तक्ता पाठ आहे मला. दुकानात दिवसभर लोकांकडून तोच वाचून घेत होतो. खालून वर म्हणून दाखवू?" आणि दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी तो म्हणूनही दाखवला, अगदी बारीक अक्षरांपासून पहिल्या ठळक अक्षरापर्यंत. ते शेवटचं अक्षर त्यांनी फार हळू उच्चारलं.

डोळे पुसून झाल्यावर लेक म्हणाली, "आता तळ्यावर जाणं बंद."

मास्तर तसेच आपल्या घरी गेले. दुपारभर यंत्र चाललं. संध्याकाळी ते आपला जुना कोट घालून लेकीच्या दारात हजर. कोटाच्या पाठीला, कमरेच्या जरा वर, जाड पट्ट्याची एक मूठ शिवलेली होती, पेटीला असते तशी.

"धर," ते लेकीकडे पाठ करून म्हणाले. "ओढ."

लेकीने ओढलं. मग दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून ओढलं. मास्तर मागे झोकांडले, पण मूठ जागची हलली नाही.

"माझी गोष्ट उसवेल," मास्तर धापा टाकत म्हणाले, "टाका उसवायचा नाही."

लेकीने मुठीचे टाके बोटाने चाचपून पाहिले. "मोडकी फळी आली की थांबायचं," ती शेवटी म्हणाली. "आणि मासा-बिसा काही नको."

मास्तर पुढे, मूठ धरून व्याही मागे, असे दोघे पुन्हा खोपीत आले. व्याह्यांनी भिंगं पुसली, दुर्बीण डोळ्यांना लावली. "काय आहे?"

"एक तुतवार आहे," मास्तर म्हणाले. "चिखलात चोच मारतोय."

"आणि?"

"आणि काही नाही."

"बरं नाही का मास्तर?"

मास्तरांनी बोटांनी मांडीवर न दिसणारा दोरा गुंडाळला. "कसं आहे व्याही, समोरच्याला दिसत असताना सांगितलं तर ती थाप. त्याला दिसतच नसताना सांगितलं तर ती फसवणूक. माझा धंदाच बसला म्हणा ना."

पाण्यावरून वारा आला आणि लव्हाळी सळसळली.

"तो हुदहुद तरी दाखवा," व्याही म्हणाले. "माझ्या वाट्याचा होता. तुम्ही गिळून बसलात."

तेव्हा मास्तरांनी तो दाखवला. कठड्यावर कुठं बसला होता, पट्टे कसे होते, चोच किती वाकडी, तुरा उघडला तेव्हा टोकाटोकाला काळे ठिपके कसे एकापाठोपाठ एक वर आले. पदरचा एक धागाही घातला नाही. व्याही रिकाम्या कठड्याकडे दुर्बीण रोखून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी भिंगाची कड जराशी फिरवून नेम नीट केला.

"होय," ते म्हणाले. "मी पाहिला."

मग दुर्बीण खाली घेऊन त्यांनी विचारलं, "आणि बेडकं? ती नाही ओरडली?"

मास्तरांनी खोपीच्या दाराकडे पाहिलं. लेक घरी होती.

"बेडकं होय?" ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "त्यांचं काय झालं, ऐका..."